उत्तर जिभेवर, मदार अंगठ्यावर

फेब्रुवारी २०१३ मधली गोष्ट. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकचा लेनर्ड कूपर हा शाळकरी मुलगा कॅमेऱ्यांपुढे उभा होता. इलेक्ट्रॉनिक पाटीवर त्याने आपलं शेवटचं उत्तर लिहिलं होतं. प्रश्न दुसऱ्या महायुद्धाचा होता. ६ जून १९४४ रोजी 'साऱ्या जगाचे डोळे तुमच्याकडे लागले आहेत' असं सैनिकांना सांगणारा माणूस कोण? उत्तर होतं आयझेनहॉवर. लेनर्डला ते येत नव्हतं. सूत्रसंचालक अ‍ॅलेक्स ट्रेबेकने पाटी उघडली, तर तिच्यावर चक्क लिहिलेलं, की नॉर्मंडीतला कुणीतरी गृहस्थ, पण मी आत्ताच ७५ हजार डॉलर जिंकलोय! स्टुडिओत हशा पिकला. इतिहास कच्चा निघाला, तरी ७५ हजारांचा हिशेब मात्र पक्का होता. त्या वर्षीची 'जेपर्डी' किशोर स्पर्धा त्याने खरोखरच जिंकली होती.

शेवटचं उत्तर चुकूनही विजेता ठरणारा मुलगा पाहून घरबसल्या प्रेक्षकाला गंमत वाटते. स्पर्धेत उतरलेल्यांना त्यात नवल वाटत नाही. १३ ते १७ वर्षांच्या मुलामुलींची ही स्पर्धा अमेरिकेत १९८७ पासून २०१९ पर्यंत होत असे. तीत शिरायलाच भरपूर माहिती लागे, पण ती एक प्रकारची प्रवेश फी होती. फी भरून आत आलेले सगळेच हुशार असत. मग निकाल लागे तो अंगठ्याच्या वेगावर, तोंडी हिशेबावर आणि तीस सेकंदांत डोकं थंड ठेवण्यावर. शाळेच्या प्रगतिपुस्तकात यातल्या एकाही गोष्टीचा रकाना नसतो.

'जेपर्डी'ची रीत आधी समजून घ्यायला हवी, कारण ती उलटी आहे. इथे सूत्रसंचालक उत्तर देतो आणि स्पर्धकाने प्रश्न सांगायचा असतो. पडद्यावर वाक्य येतं, 'अकरा वर्षांच्या एका इंग्लिश मुलीने न्याहारीच्या वेळी रोमन पाताळदेवाचं नाव सुचवलं आणि १९३० मध्ये ते या खगोलाला मिळालं.' स्पर्धकाने म्हणायचं, 'प्लुटो म्हणजे काय?' नुसतं 'प्लुटो' म्हटलं तर चालत नाही. हा हट्ट वरवर पाहता पोरकट वाटतो. मात्र त्याच्यामागे अमेरिकी दूरचित्रवाणीच्या इतिहासातली एक मोठी नाचक्की आहे.

१९५० च्या दशकात अमेरिकेत प्रश्नमंजूषांचं पेव फुटलं होतं. 'ट्वेंटी-वन' या कार्यक्रमात चार्ल्स व्हॅन डोरेन नावाचा कोलंबिया विद्यापीठाचा देखणा अध्यापक आठवड्यामागून आठवडे जिंकत गेला आणि त्याने १ लाख २९ हजार डॉलर मिळवले. त्याच्यापुढे हरलेल्या हर्बर्ट स्टेम्पेलने पुढे उघड केलं, की आपल्याला हरायला सांगण्यात आलं होतं. त्यासाठी चुकवायला लावलेला प्रश्न अगदी सोपा होता, १९५५ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर कोणाला मिळालं? उत्तर 'मार्टी'. स्टेम्पेलचा तो आवडता चित्रपट होता. नोव्हेंबर १९५९ मध्ये व्हॅन डोरेनने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कबुली दिली, की आपल्याला प्रश्न आणि उत्तरं आधीच पुरवली जात होती. या चौकशीतली सर्वात खेदाची साक्ष मात्र एका लहान मुलीची म्हणावी लागेल. पॅटी ड्यूक ही बालकलाकार दुसऱ्या एका प्रश्नमंजूषेत चमकली होती आणि तिलाही पढवूनच उभं केलं होतं. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, प्रश्नमंजूषेत लबाडी करणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरला.

प्रेक्षकांचा विश्वास उडाला आणि वाहिन्यांनी या कार्यक्रमांचा धसका घेतला. अशा काळात मर्व्ह ग्रिफिन हा निर्माता पत्नी ज्युलनसह विमानाने डुलुथहून न्यूयॉर्कला निघाला होता. नव्या खेळाची कल्पना सुचत नव्हती. प्रश्नमंजूषा कोणी दाखवायला तयार नाही, स्पर्धकांना उत्तरं पुरवल्याचा संशय सगळ्यांना येतो, असं तो म्हणाला. ज्युलनने त्यावर तोडगा काढला, मग उघडपणे उत्तरंच देऊन टाका की! आणि तिने लगेच नमुना दिला, '५२८०.' ग्रिफिन म्हणाला, 'एका मैलात किती फूट असतात?' ज्या गोष्टीसाठी लोक कोर्टकचेरीच्या फेऱ्यात सापडले, तीच राजरोस खेळाचा नियम झाली. ३० मार्च १९६४ रोजी एनबीसी वाहिनीवर 'जेपर्डी' सुरू झाला. आज दिसतो तो अवतार १० सप्टेंबर १९८४ पासूनचा आणि तेव्हापासून ३६ वर्षं त्याचा चेहरा होता अ‍ॅलेक्स ट्रेबेक.

हा ट्रेबेक मूळचा कॅनडातल्या सडबरीचा. प्रश्नमंजूषेचं बाळकडू त्याला मिळालं तेही शाळकरी मुलांमध्येच. कॅनडाच्या सीबीसी वाहिनीवर 'रीच फॉर द टॉप' नावाची शालेय संघांची स्पर्धा १९६१ पासून चालत असे आणि १९६० च्या दशकात टोरोंटोत तिचं सूत्रसंचालन तो करी. पुढे कॅनडाचे पंतप्रधान झालेले स्टीफन हार्पर हेही शाळेत असताना या स्पर्धेत खेळले होते. त्याच १९६१ साली वॉशिंग्टनमध्ये 'इट्स अकॅडेमिक' ही शाळांची स्पर्धा सुरू झाली. सर्वाधिक काळ चाललेली दूरचित्रवाणीवरची प्रश्नमंजूषा म्हणून तिची नोंद गिनेस बुकात आहे. तिचे आद्य सूत्रसंचालक मॅक मॅकगॅरी यांनी जवळजवळ ५० वर्षं तीच खुर्ची सांभाळली. याही मागे जायचं, तर १९४० मध्ये शिकागोहून रेडिओवर 'क्विझ किड्स' सुरू झाला होता. त्यात बसलेल्या पोरांपैकी एक होता जेम्स वॉटसन. डीएनएच्या रचनेसाठी १९६२ चं नोबेल ज्यांना मिळालं तेच हे. तेव्हा चुणचुणीत पोरांचं अमेरिकेला वेड लागलं ते काल-परवा नव्हे.

'जेपर्डी'च्या किशोर स्पर्धेचं गणित ट्रेबेकनेच बसवलेल्या साच्यावर चालत असे. १९८५ मध्ये विजेत्यांच्या महास्पर्धेसाठी त्याने हा साचा तयार केला होता. एकूण १५ स्पर्धक असत आणि एका खेळात तिघं. पहिल्या पाच खेळांतले पाच विजेते उपांत्य फेरीत जात, हे ओघानेच आलं. पण उपांत्य फेरीला नऊ जण लागत. उरलेल्या चार जागा हरलेल्या दहांपैकी सर्वाधिक गुण असलेल्यांना मिळत. त्यांना म्हणतात वाइल्ड कार्ड. तीन उपांत्य सामने, त्यांचे तीन विजेते आणि मग दोन दिवसांचा अंतिम सामना, दोन्ही दिवसांची बेरीज धरून. प्रेक्षकाला दोन आठवडे रोज एक भाग दिसे. चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीच्या स्टुडिओत दिवसाला पाच भाग या वेगाने उरकलं जातं. म्हणून स्पर्धकांनी बदलायचे कपडे बरोबर आणायचे असतात, 'दुसऱ्या दिवशी' वेगळे दिसावेत यासाठी.

वाइल्ड कार्डाच्या नियमाला एक मेख होती. पहिल्या खेळात हरलेल्या मुलाला आपले गुण पुरतील की नाही हे कळायला उरलेले खेळ संपावे लागत. उलट नंतर खेळणाऱ्याला आधीचे आकडे कळले, तर आपण किती धोका पत्करायचा हे तो बेतून ठरवील. म्हणून ज्यांची पाळी यायची आहे अशा मुलांना वेगळं ठेवत. बाहेर काय चाललंय ते त्यांना दिसत नसे, ऐकूही येत नसे. आईवडील प्रेक्षकांत बसलेले असले तरी त्यांच्याशी बोलायची मुभा नसे. प्रश्न लिहिणाऱ्यांची आणि स्पर्धकांची तर गाठही पडू देत नाहीत. हा सगळा बंदोबस्त म्हणजे १९५९ ची आठवण आहे. आणि तो सगळा पार पडला तरी आणखी एक परीक्षा उरते. भाग प्रक्षेपित होईपर्यंत निकाल कुणालाही सांगायचा नाही. सोळा वर्षांच्या मुलाने मोठी रक्कम जिंकावी आणि शाळेत जाऊन मुकाट्याने भूमितीच्या तासाला बसावं, याची कल्पनाच केलेली बरी.

आता अंगठ्याकडे वळू.

प्रत्येकाच्या हातात जाड पेनासारखं एक यंत्र असतं, वरच्या टोकाला बटण असलेलं. पडद्यावर वाक्य उमटताच तिघंही ते वाचून टाकतात. सूत्रसंचालक ते मोठ्याने वाचत असताना बहुतेक वेळा तिघांनाही उत्तर सुचलेलं असतं. पण सूत्रसंचालकाचा शेवटचा शब्द संपेपर्यंत बझर बंद असतो. शब्द संपला, की मंचाबाहेर बसलेला एक कर्मचारी हाताने कळ दाबून तिन्ही बझर खुले करतो. त्याच क्षणी फलकाच्या दोन्ही बाजूंना दिवे लागतात. हे दिवे घरच्या प्रेक्षकांना दिसत नाहीत. दिवे लागण्यापूर्वी कोणी बटण दाबलं, तर त्याचा बझर पाव सेकंद ठप्प होतो आणि तेवढ्यात शेजारचा स्पर्धक संधी पटकावतो.

पाव सेकंद म्हणजे किती? दिवा दिसला आणि बोट हललं यात माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे जो मुलगा इमाने इतबारे दिव्याची वाट पाहतो, तो दिव्याचा अंदाज घेणाऱ्याच्या मागेच पडणार. म्हणून मुरलेले स्पर्धक दिव्याकडे फारसं पाहत नाहीत, सूत्रसंचालकाचा स्वर ऐकतात. वाक्य संपताना त्याचा आवाज कुठे उतरतो, शेवटच्या शब्दानंतर कळ दाबणारा किती दम घेतो, याची लय पकडायची आणि अंगठा त्या लयीवर सोडायचा. तबलजी समेची वाट पाहत थांबत नाही, तो समेवर पोचतो, तसंच हे. घरी सराव करणारी मुलं बटणाचं बॉलपेन हातात धरून टीव्हीसमोर टिकटिक करत बसतात. त्या आवाजाने घरच्यांचा जीव किती जात असेल!

१९८५ पर्यंत हा नियम नव्हता. ज्याला वाटेल त्याने वाचन अर्धवट असतानाच बझर दाबावा. त्यात घरच्या प्रेक्षकाला वाक्य पुरतं कळायच्या आत उत्तर येऊन जाई आणि त्याचा हिरमोड होई. प्रेक्षकाला सोबत खेळू देण्यासाठी बझर रोखून धरला गेला आणि त्या एका बदलाने खेळाचा पोत बदलला. आधी वेगाने आठवणाऱ्याचा फायदा होता, आता वेळ साधणाऱ्याचा झाला. फेब्रुवारी २०११ मध्ये आयबीएमच्या 'वॉटसन' या संगणकाने केन जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर या दोन दिग्गजांना हरवलं, तेव्हाही हाच वाद रंगला. बझर खुले झाल्याचा संकेत संगणकाला विजेच्या तारेतून मिळत होता आणि बटण दाबायला त्याला यांत्रिक अंगठा होता. उत्तर येत असूनही जेनिंग्जचा अंगठा वारंवार मागे पडत होता. सलग ७४ खेळ जिंकलेल्या माणसाची ही अवस्था!

दुसरं हत्यार म्हणजे हिशेब. फलकावर सहा विषय असतात आणि प्रत्येक विषयात पाच वाक्यं. पहिल्या फेरीत त्यांची किंमत २०० पासून १००० पर्यंत आणि दुसऱ्या फेरीत दुप्पट. काही वाक्यांमागे 'डेली डबल' दडलेलं असतं, पहिल्या फेरीत एक, दुसरीत दोन. ते ज्याच्या वाट्याला येईल त्याने एकट्याने खेळायचं आणि आपल्या गुणांतली वाटेल तेवढी रक्कम पणाला लावायची. शेवटी 'फायनल जेपर्डी'. तिथे तिघांनीही विषयाचं नाव तेवढं पाहून आधी पैज लिहायची, मग वाक्य पाहायचं आणि तीस सेकंदांत उत्तर लिहायचं. त्या तीस सेकंदांत जी धून वाजते, ती ग्रिफिनने आपल्या लहान मुलासाठी अंगाई म्हणून रचली होती. तिच्या मानधनातून आपल्याला ७ कोटींहून अधिक डॉलर मिळाले, असं तो सांगत असे. एवढी महागडी अंगाई ऐकताना आजवर कुणा स्पर्धकाला झोप आली असेल असं वाटत नाही.

समजा, शेवटच्या फेरीआधी पहिल्याकडे २०,०००, दुसरीकडे १४,००० आणि तिसऱ्याकडे ६,००० आहेत. पहिला विचार करतो, दुसरीने सगळं लावून दुप्पट केलं तर तिचे २८,००० होतील. म्हणून त्याने ८,००१ लावावेत. बरोबर आला तर २८,००१, कुणी गाठू शकत नाही. चुकला तर ११,९९९ उरतील. आता दुसरीने काय करावं? बहुतेक प्रेक्षक म्हणतील, सगळं लाव! पण पहिला बरोबर आला तर तिने काहीही लावलं तरी ती हरणारच. तेव्हा तिने विचार करायचा तो पहिला चुकल्याचा. त्या वेळी त्याच्याकडे ११,९९९ असतील. तिसऱ्याने सगळं लावून साधलं तर त्याचे १२,०००. म्हणजे तिने १,९९९ पेक्षा जास्त लावलं नाही, तर उत्तर चुकूनही तिच्याकडे किमान १२,००१ राहतात आणि ती दोघांच्याही वर असते. १४,००० लावणारी मुलगी धाडसी दिसते आणि १,९९९ लावणारी भित्री. प्रत्यक्षात ही भित्रीच शहाणी आहे. हा हिशेब त्या मुलांना मंचावर, कॅमेऱ्यांच्या झोतात, कागदावर आकडे मांडून करावा लागतो.

वाइल्ड कार्ड असलेल्या पहिल्या फेरीत हे सगळं पुन्हा फिरतं. तिथे हरूनही पुढे जाता येतं, मग जिंकण्यासाठी सगळं पणाला लावण्यापेक्षा हातातले गुण जपणं फायद्याचं. उपांत्य फेरीत दुसऱ्या क्रमांकाला काही किंमत नाही, तिथे जपून चालणारा बाहेर. अंतिम सामन्यात आदल्या दिवशीची शिल्लक धरायची. म्हणजे एकाच स्पर्धेत तीन वेगवेगळे स्वभाव धारण करायला लागतात. मोठ्या माणसांनाही हे सहज जमत नाही. लेनर्ड कूपरला मात्र शेवटचं उत्तर लिहिता लिहिताच आपण जिंकल्याचं कळलं होतं.

मग अभ्यास करायचा तरी कशाचा? इथे अमेरिकेतल्या शाळांमधल्या 'क्विझ बोल'चा उल्लेख केला पाहिजे, कारण 'जेपर्डी'त दिसणारी बरीच मुलं त्या आखाड्यातून आलेली असतात. तिथले प्रश्न पिरॅमिडसारखे रचतात, टोकावर अवघड माहिती आणि खाली येत येत सोपी. पुन्हा प्लुटोच घेऊ. प्रश्न सुरू होईल तो १९७८ मध्ये जेम्स क्रिस्टीने शोधलेल्या त्याच्या चंद्रापासून. मग २०१५ मध्ये जवळून गेलेल्या यानात त्याच्या शोधकर्त्याच्या अस्थी होत्या हे येईल. मग १९३० आणि क्लाइड टॉम्बो. आणि सर्वात शेवटी, २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून वगळला गेलेला. या प्रश्नात मध्येच बझर दाबता येतो. ज्याला खोल माहिती आहे तो पहिल्या वाक्यालाच दाबेल, वर्तमानपत्राच्या मथळ्यांवर भागवणारा शेवटपर्यंत थांबेल. क्विझ बोलवाले 'जेपर्डी'कडे थोडं नाक मुरडून पाहतात ते यामुळेच. त्यांच्या मते तिथे जाणकार आणि अर्धवट यांना एकाच रेषेवर उभं करून शर्यत लावतात. आक्षेप खरा आहे. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. पिरॅमिडचा प्रश्न ऐकताना बाहेरच्या माणसाला पहिली चार वाक्यं कळतच नाहीत आणि घरात जेवता जेवता आजीबाईंना उत्तर ओरडता आलं नाही, तर तो टीव्हीचा कार्यक्रम कसला?

'जेपर्डी'च्या वाक्यांत म्हणूनच एक कडी दडवलेली असते. प्लुटोच्या वाक्यात इंग्लिश मुलगी ठाऊक नसली तरी 'पाताळदेव' आणि 'खगोल' हे दोन शब्द पुरेसे आहेत. सराव करणारी मुलं अशा जोड्या पाठ करतात. नॉर्वेचा नाटककार म्हटलं, की इब्सेन. फिनलंडचा संगीतकार म्हटलं, की सिबेलियस. इब्सेनचं एकही नाटक न वाचता हे गुण मिळवता येतात, अशी टीका होते. ती योग्यच आहे. पण यादीत भेटलेल्या नावाचं कुतूहल वाटून पुढे कधीतरी 'डॉल्स हाउस' हाती घेणारा एखादा निघतोच. आणि एकही न निघाला तरी पाठ केलेल्या राजधान्या काही कुणाला टोचत नाहीत.

मुलांच्या स्पर्धेत परीक्षकांनी किती काटेकोर असावं, हा प्रश्न ऑगस्ट २०१३ मध्ये ऐरणीवर आला. त्या वेळी आणखी लहान मुलांचा, 'किड्स वीक'चा आठवडा चालू होता. शेवटचं उत्तर होतं 'इमॅन्सिपेशन प्रोक्लमेशन', लिंकनचा गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा. बारा वर्षांच्या एका मुलाने उत्तर ओळखलं, पण पहिल्या शब्दात एक 'टी' जास्तीचा घातला. नियम असा, की लेखी उत्तरात स्पेलिंग चुकलं तरी चालेल, उच्चार बदलता कामा नये. जास्तीच्या 'टी'ने शब्दात एक नवाच आवाज घुसला, म्हणून उत्तर बाद झालं. मुलगा नाराज झाला, आपल्याला फसवलं गेलं असं त्याने नंतर बोलून दाखवलं आणि देशभर तट पडले. एका पक्षाचं म्हणणं, बारा वर्षांच्या पोराचं मन मोडायची गरज होती का? दुसऱ्याचं, नियम सगळ्यांना सारखा. खरं तर पहिल्या क्रमांकाचा मुलगा इतका पुढे होता, की उत्तर ग्राह्य धरलं असतं तरी निकाल तोच राहिला असता. तरीही परीक्षकांचा निर्णय पटतो. ज्या कार्यक्रमाची सगळी इमारत प्रश्नमंजूषेतल्या लबाडीच्या ढिगाऱ्यावर उभी राहिली, त्याने लहान मूल म्हणून एकदा डोळा मिटला, तर पुढच्या वेळी तो कुणासाठी मिटायचा?

आपल्याकडे या वयाच्या मुलांची सर्वात जुनी ओळखीची स्पर्धा म्हणजे 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट'. १९७२ मध्ये हमीद सयानींनी ती सुरू केली आणि १९७५ मध्ये त्यांच्या निधनानंतर धाकटे बंधू अमीन सयानींनी ती रेडिओवर घरोघरी पोचवली. पुढे १९९० च्या दशकात ती दूरचित्रवाणीवर आली आणि डेरेक ओब्रायन हे नाव शाळाशाळांत पोचलं. २००१ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'च्या ज्युनियर आवृत्तीत १४ वर्षांच्या रवी सैनीने एक कोटी रुपये जिंकले. तो पुढे डॉक्टर झाला आणि मग आयपीएस अधिकारी. पण करोडपतीच्या खुर्चीत स्पर्धा असते ती स्वतःशीच. 'जेपर्डी'त मात्र शेजारी आणखी दोन अंगठे तयार असतात.

त्या अंगठ्यांत अलीकडे भारतीय नावं बरीच दिसू लागली आहेत. २०१६ ची किशोर स्पर्धा अलाबामाच्या शरत नारायणने जिंकली आणि २०१९ ची ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या अवी गुप्ताने. अवीला मिळाले १ लाख डॉलर. त्याच वर्षी मार्चमध्ये ट्रेबेकने आपल्याला स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचं आणि तो चौथ्या टप्प्यात असल्याचं जाहीर केलं होतं. जूनमध्ये स्पर्धा प्रक्षेपित झाल्यावर अवीने बक्षिसातले १०,३१४ डॉलर पोर्टलंडच्या नाइट कॅन्सर इन्स्टिट्यूटला स्वादुपिंडाच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी दिले.

नोव्हेंबर २०१९ मध्ये विजेत्यांच्या महास्पर्धेत ध्रुव गौर हा तरुण खेळत होता. आदल्या वर्षीची महाविद्यालयीन स्पर्धा त्याने जिंकली होती. उपांत्य सामन्याच्या शेवटी त्याला उत्तर येईना. त्याने पाटीवर प्रश्नाच्याच थाटात लिहिलं, की आमचं तुझ्यावर प्रेम आहे, अ‍ॅलेक्स! त्याने १,९९५ डॉलर पणाला लावले होते, ते गेले आणि खात्यावर उरले पाच. ट्रेबेकने ते वाचलं, आभार मानले आणि पाच डॉलरचा आकडा सांगताना त्याचा आवाज घोगरा झाला. वाक्याच्या शेवटी नेमका कुठे उतरणार याचा अंदाज मुलं पेनं टिकटिकवत ज्या आवाजावरून घ्यायची, तोच हा आवाज.

८ नोव्हेंबर २०२० रोजी ट्रेबेक वारला. किशोर स्पर्धा २०१९ नंतर थांबली ती थांबलीच. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्यक्रमाने २०१८ आणि २०१९ मधल्या किशोर स्पर्धकांना परत बोलावलं. शाळेतली ती मुलं आता महाविद्यालयात होती. एकूण २७ जण आले. मंचाला आता ट्रेबेकचं नाव होतं, पोडियममागे सूत्रसंचालक म्हणून मायिम बियालिक उभी होती आणि वाक्य संपवण्याची तिची लय वेगळी होती. स्पर्धा जिंकली ती त्या दोन वर्षांच्या विजेत्यांपैकी कुणी नव्हे, तर जस्टिन बोल्सेनने. शाळेत असताना हरून घरी गेलेल्या त्या मुलाने चार वर्षांनी १ लाख डॉलर नेले.